जुना बंब मागून बघावा

व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत एखादा जुना बंब आला की त्याच्याभोवती हमखास गर्दी जमते. लाल रंग, चकचकीत पितळी घंटा, वर आडवी बांधलेली लाकडी शिडी. लोक पोरांना बॉनेटपाशी उभं करून फोटो काढतात आणि पुढच्या रोल्स-रॉइसकडे वळतात. बंबाची खरी करामत मात्र मागच्या टोकाला नाहीतर पोटात असते. तिथे एक जाडजूड पंप असतो. त्याला पाणी आत घेणारं एक मोठं तोंड, बाहेर सोडणारी दोन-चार लहान तोंडं, काही चाकं-दांडे आणि दाब दाखवणाऱ्या तबकड्या. हा पंप कळला की गाडी कुठल्या काळातली, कशा शहरासाठी बनवलेली आणि तिच्यावर राबणाऱ्यांचे काय हाल होत असतील, हे बरंचसं उलगडतं. म्हणून हा इतिहास पंपाच्या बाजूने बघू या, आणि शहर मुख्यतः मुंबई घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बंब म्हणजे पाण्याने भरलेली गाडी, अशी आपली समजूत असते. जुने बंब तसे नव्हते. ते पाणी फारसं आणत नसत. आगीच्या आसपास जे पाणी असेल ते जोराने ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. पुढचा सगळा लेख एका अर्थाने या फरकाबद्दल आहे.

तोफांनी विझवलेली आग

१७ फेब्रुवारी १८०३ या दिवशी मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, बाजारात आग लागली. वारा जोराचा होता. दिवसभर खटपट करूनही ती आवरेना आणि तटाच्या आतलं जवळपास एक तृतीयांश शहर जळून गेलं. दारूगोळ्यापर्यंत ज्वाळा पोचू नयेत म्हणून शेवटी वाटेतली घरं तोफा डागून पाडावी लागली.

आज हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे साधा हिशोब आहे. आगीला जळायला काहीतरी लागतं, हवा लागते आणि उष्णता लागते. तिन्हींपैकी एक काढून घेतलं की ती विझते. पाणी उष्णता काढून घेतं: एक लिटर पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता शोषतं आणि त्या वाफेचे सुमारे १,७०० लिटर होतात, त्यामुळे आसपासची हवाही हटते. पण पुरेसं पाणी, पुरेशा जोराने, आगीच्या मुळापर्यंत नेता येत नसेल, तर हातात एकच उपाय उरतो. पुढे जे जळणार आहे तेच काढून टाकायचं. १८०३ च्या मुंबईत विहिरी होत्या, तलाव होते, तिन्ही बाजूंना समुद्र होता. कमी होता तो पाण्यामागचा जोर.

पुण्यात १८२८ साली शनिवारवाडा पेटला, तो सात दिवस जळत होता असं सांगतात. सागवानी खांब, तुळया, पाटण्या असलेला तो वाडा म्हणजे आगीला मोकळं रान. आज तिथे तट आणि जोती तेवढी दिसतात, त्याचं कारण हेच. बादल्यांची रांग लावून असल्या आगी विझत नाहीत. माणूस बादली फेकतो ती चार-पाच हात लांब, आणि आगीची धग त्याला त्याहून लांब ठेवते.

हाताने हाणायचे पंप

जोर कसा आणायचा हे खरं तर फार पूर्वीच माहीत होतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबिअसने दोन नळकांड्यांचा पंप बनवला होता. दट्टा वर ओढला की पाणी आत, खाली दाबला की पाणी बाहेर. होळीची पिचकारीच ती, फक्त इथे दोन असतात आणि एक भरत असताना दुसरी रिकामी होते. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने १७२१ मध्ये याच तत्त्वावरच्या बंबाचं पेटंट घेतलं. चाकांवरचा लांबट लाकडी हौद, मध्ये पंप, दोन्ही बाजूंना लांब दांडे. दोन्हीकडे माणसं उभी राहून आळीपाळीने दांडे दाबत.

त्यात एक बारीक युक्ती होती, ती अजूनही जुन्या यंत्रांवर दिसते. पंपाच्या डोक्यावर तांब्याचा एक बंद घुमट बसवलेला असतो. त्यात हवा कोंडलेली असते. दट्टा पाणी ढकलतो तेव्हा थोडं पाणी या घुमटात शिरून हवा दाबतं, आणि दट्टा मागे जातो तेव्हा ती दबलेली हवा पाणी परत बाहेर रेटते. त्यामुळे धार गचके खात नाही, सलग राहते. एखाद्या संग्रहालयात असा घुमट दिसला तर तो शोभेचा समजू नका.

न्यूशॅमच्या आधी, १६७२ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या यान व्हान डर हेडन यांनी चामड्याचा होज, म्हणजे पाण्याची लवचिक नळी, आणला. माझ्या मते अग्निशमनाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल, पंपापेक्षाही मोठा. तोवर पाण्याची तोटी यंत्रालाच जोडलेली असे. म्हणजे यंत्रच ज्वाळांच्या तोंडाशी न्यायचं आणि खिडकीतून अंदाजाने धार मारायची. होज आला आणि यंत्र रस्त्यावर सुरक्षित ठेवून माणूस धार घेऊन जिन्याने वर, आगीच्या मुळाशी जाऊ लागला. अग्निशामकाचा धोका खऱ्या अर्थाने इथून वाढला, हेही खरं.

हाताच्या बंबाची गोची एकच: माणसं दमतात. काही मिनिटांत हात भरून येतात आणि दुसरी तुकडी लावावी लागते. लंडनमध्ये बघ्यांमधूनच माणसं धरून त्यांना तासाचे पैसे आणि वर बिअर देत. त्या काळी तिथे दलंही विमा कंपन्यांची होती. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर विम्याचा धंदा सुरू झाला, आणि जळणाऱ्या घराचा भुर्दंड आपल्याच खिशातून जाणार म्हटल्यावर कंपन्यांनी स्वतःची माणसं नि बंब ठेवले. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीची धातूची पट्टी ठोकलेली असे. पुढे १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या आगीत गोदामं तर जळालीच, लंडनच्या दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत अंगावर पडून गेले, आणि कंपन्यांनी हात टेकले. १८६६ पासून लंडनची आग ही सार्वजनिक जबाबदारी झाली.

पोलिसांकडून पालिकेकडे

मुंबईत विमा कंपन्यांऐवजी हे काम पोलिसांच्या गळ्यात होतं. १८५५ पासून पोलिसांच्या हाताखाली नियमित, पण अर्धवेळ, असं दल होतं आणि घोडे जोडलेले बंब होते. चोर पकडणाऱ्याने आग लागली की बंबाकडे पळायचं, अशी ती व्यवस्था. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. अग्निशमनाच्या दृष्टीने ही तारीख कुठल्याही बंबाच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे, कारण नळ आला म्हणजे रस्त्यारस्त्याला हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचं नळाचं तोंड, ठेवता येतो. तोवर विहीर किंवा तलाव जिथे असेल तिथून पाणी आणावं लागे.

१ एप्रिल १८८७ रोजी दल महापालिकेकडे आलं, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याने आगीपासून जीवित आणि मालमत्ता वाचवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरलं. म्हणजे पैसे उरले तर करू, असं म्हणायची सोय राहिली नाही. १८९० मध्ये लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स प्रमुख म्हणून आले. मुंबईच्या दलावर लंडनची जी छाप दिसते, तिची सुरुवात इथे.

महाराष्ट्रात अग्निशमन दल शहरागणिक वेगळं का, याचंही उत्तर याच इतिहासात आहे. इथे हे काम नगरपालिकांच्या अंगणात वाढलं. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांमध्येच धरली आहे. त्यामुळे मुंबईचं दल वेगळं, पुण्याचं वेगळं, एमआयडीसीची आपली वेगळी केंद्रं. शेजारच्या गोव्यात मात्र सगळ्या राज्याला मिळून एकच संचालनालय आहे. दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. शहराचं दल गल्लीबोळ ओळखतं. पण दोन शहरांची दलं एकाच आगीवर आली की साहित्य जुळेल का, हा प्रश्न असतो.

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांतून बंब मदतीला धावले, आणि त्यांच्या होजची तोंडं बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे. दीड हजारांवर इमारती जळाल्या. भारतात आज ६३ मिलिमीटरचं कपलिंग, म्हणजे होज जोडायचा सांधा, सर्रास वापरतात. त्यात आटे फिरवायची भानगडच नाही. एक टोक दुसऱ्यात ढकललं की कट्ट आवाज होऊन खिट्टी बसते. सोडवायचं तर बाजूच्या दोन कड्या खेचायच्या. अंधारात, ओल्या हातांनी, घाईत जमावं म्हणून ते तसं केलंय. जुना बंब बघताना पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडांवर हे कपलिंग आहे का, ते जरूर बघा. आट्यांचं तोंड असेल तर गाडी बहुधा त्या जुन्या, आपापल्या आट्यांच्या काळातली.

वाफ, घोडे आणि मग पेट्रोल

माणसं दमतात यावरचा पहिला उपाय वाफेचा. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये वाफेवरचा बंब तयार केला, पण तो रुळायला १८६० चं दशक उजाडावं लागलं. शँड मेसन आणि मेरीवेदर ही त्यातली मोठी नावं. उभा बॉयलर, त्याच्या पुढे पंप, आणि ओढायला घोडे. गाडी चालवायला वाफ नाही, फक्त पंपाला. थंड बॉयलरमध्ये कामापुरती वाफ धरायला दहाएक मिनिटं लागत, म्हणून केंद्रात असतानाच पाणी गरम ठेवायचं आणि वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की निखारा लावून निघायचं. घोडे दौडत असताना मागे बॉयलर पेट घेत असे. धुराचे लोट सोडत आग विझवायला निघालेली गाडी, हे दृश्य त्या काळच्या लोकांनाही गमतीचं वाटलं असणार.

मुंबईत पहिला मोटार बंब १९०७ मध्ये आला आणि १९२० पर्यंत घोडे पूर्ण निवृत्त झाले. पेट्रोल इंजिन आल्यावर पंपाचा प्रकारच बदलला. दट्ट्याचा पंप सावकाश, जोर लावून चालणाऱ्या वाफेला साजेसा होता. पेट्रोल इंजिन गरगर फिरतं, त्याला फिरणारा पंप हवा. इंग्लंडमध्ये डेनिस कंपनीने १९०८ मध्ये ब्रॅडफर्ड शहराला दिलेल्या गाडीवर असा पंप होता. यात पाती असलेली एक चकती वेगाने फिरते, मध्यातून पाणी घेते आणि कडेकडे भिरकावते. त्या भिरकावण्याचाच दाब होतो. झडपा नाहीत, दट्टे नाहीत, कचरा गेला तरी सहज अडत नाही, आणि पुढे कोणी होजच्या टोकाचं नोझल बंद केलं तरी पंप फुटत नाही. आजच्या गाड्यांमध्येही मूळ तत्त्व हेच आहे.

पण या पंपाचं एक दुखणं आहे. त्याला हवा ओढता येत नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी, त्यामुळे रिकामा पंप कितीही फिरवला तरी विहिरीतलं पाणी वर येत नाही. आधी पंपातली आणि नळीतली हवा काढावी लागते. याला प्रायमिंग म्हणतात. जुन्या गाड्यांवर त्यासाठी इंजिनच्या धुराचाच झोत वापरत: धूर एका निमुळत्या वाटेने वेगाने सोडला की तो शेजारची हवा ओढून नेतो. काहींवर वेगळा छोटा दट्ट्याचा पंप असे. पंपाशेजारी एक लहानसा, वेगळ्या दांड्याचा भाग दिसला तर तो बहुतेक प्रायमर.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. पंप फक्त आतली हवा काढून जागा करून देतो. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर वर ढकलू शकतो. प्रत्यक्षात गळती, घर्षण धरून सात-साडेसात मीटरच्या पुढे काम होत नाही. पंप कितीही ताकदवान आणला तरी ही मर्यादा हलत नाही. विहिरीचं पाणी दहा मीटर खोल असेल तर वरचा बंब हतबल. मुंबईच्या गोदीत भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी चार-पाच मीटरने बदलू शकते, म्हणजे भरतीच्या वेळी सहज मिळणारं पाणी ओहोटीला अडून बसतं. जुन्या बंबांच्या दोन्ही कुशींना जाड, वळ्या-वळ्यांच्या, न वाकणाऱ्या नळ्या बांधलेल्या असतात, त्या यासाठीच. साधा कापडी होज आतली हवा काढली की चपटा होईल. या सक्शन होजला आत तारेचं वेटोळं असतं. टोकाला जाळी, आणि तलावातला पाला अडवायला त्यावर वेताची टोपली.

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा जॉन मॉरिस कंपनीचा बंब आहे, बेल्साइझ या मोटार कंपनीच्या सांगाड्यावर बांधलेला. निजामाच्या रेल्वेकडची ही गाडी. मराठवाड्यात फिरणारी रेल्वे तीच. तिची चाकं भरीव रबराची आहेत, हवेची नव्हेत. खडबडीत रस्त्यावर बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होत असतील, पण पंक्चरमुळे वर्दी चुकणार नाही. दिल्लीच्या व्हिंटेज रॅलीत ती स्वतःच्या इंजिनवर धावलेली आहे.

त्या काळच्या गाड्यांची बैठक पाहिली तर अंगावर काटा येतो. दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून बसायचं किंवा पायरीवर उभं राहायचं, हाताने दांडी धरायची, दार नाही, छप्पर नाही. या रचनेला ब्रेडवुडचंच नाव आहे. वळणावर माणसं फेकली जात. त्यातच गणवेश अंगावर चढवायचा. बंद केबिनच्या गाड्या १९३० च्या दशकात येऊ लागल्या. लंडनची पितळी शिरस्त्राणंही त्याच सुमारास गेली, कारण घराघरात वीज आली होती आणि पितळ विजेचं वाहक.

आणि लाल रंग? परंपरा म्हणून तो टिकला, पण डोळ्यांच्या दृष्टीने तो मुळीच उत्तम नाही. अंधार पडला की आपले डोळे लाल रंगाला मंद होतात आणि संध्याकाळी लाल गाडी काळपट दिसते. पिवळट हिरवा रंग तेव्हाही उठून दिसतो, म्हणून काही देशांत बंब त्या रंगाचे केले गेले.

१४ एप्रिल १९४४

महाराष्ट्रात १४ एप्रिल म्हटलं की आंबेडकर जयंती आठवते. देशभरच्या अग्निशमन केंद्रांत त्याच दिवशी सकाळी ध्वज अर्ध्यावर येतो आणि अग्निशमन सप्ताह सुरू होतो.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज उभं होतं. दोन दिवसांपूर्वी ते कराचीहून आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कापसाच्या ८,७०० गाठी, शिवाय तेल, लाकूड, गंधक आणि सोन्याच्या विटा. युद्धकाळ नसता तर असा माल एकत्र कोणी भरला नसता. दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे माल भरायच्या कप्प्यातून, धूर दिसला.

कापसाची आग इतर आगींसारखी नसते, हे मुंबईच्या गिरण्या-गोदामांवर काम केलेल्या अग्निशामकांना चांगलं ठाऊक होतं. दाबून बांधलेल्या गाठीच्या आत हवा अडकलेली असते. वरून भिजलेली गाठ आतून धुमसत राहते, कधी कधी दिवसेंदिवस. गाठी बाहेर काढून, फोडून भिजवाव्या लागतात. जहाजाच्या पोटात ते शक्य नव्हतं. दाट धुरामुळे आगीचा उगम सापडेना. बंबांनी आणि तरंगत्या पंपांनी मिळून ९०० टनांहून जास्त पाणी आत सोडलं. एरवी मोठी आग विझवायला पुरेल एवढं पाणी, पण ते योग्य जागी पोचतच नव्हतं. जहाजाभोवतीचं पाणी उकळू लागलं.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पहिल्या धक्क्यात गेले ते जवळ उभे राहून पाणी मारणारे. अग्निशमन दलाचे ६६ जवान मारले गेले. त्यांच्यासोबत गाड्या, पंप, होज सगळं गेलं. आणि ज्या वेळी शहराला बंबांची सर्वांत जास्त गरज होती, नेमकं तेव्हाच दलाचा कणा मोडलेला होता. जळता कापूस आणि लोखंडाचे तुकडे उडून आसपासच्या वस्त्या पेटल्या होत्या. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सोन्याच्या विटांच्या दंतकथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मला त्या ९०० टन पाण्याची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते.

स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षणाचं काम राष्ट्रीय पातळीवर गेलं. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरच्या दलांचे अधिकारी तिथे घडतात.

पंपवाली गाडी टँकर कशी झाली

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. इंग्लंडहून आलेल्या लेलँड, डेनिस, मेरीवेदरच्या गाड्यांमध्ये पाण्याची टाकी असली तरी नावापुरती, दोन-अडीचशे लिटरची. पहिल्या एक-दोन मिनिटांत छोटी आग दाबायची, तोवर दुसरे जवान हायड्रंट जोडतील, असा त्यामागचा विचार. रस्त्याच्या कोपऱ्यावर हायड्रंट असणार आणि त्यात दाबाने पाणी असणार, हे गृहीत होतं.

आपल्या शहरांत ते गृहीत टिकलं नाही. पाणी ठरावीक तासच येतं, वस्ती नळाच्या पुढे धावते, हायड्रंट रस्त्याच्या डांबराखाली गाडले जातात. मग गाडीनेच पाणी आणायचं ठरलं. पन्नाशीच्या दशकापासून देशात टाटा-मर्सिडीज आणि अशोक लेलँडचे सांगाडे मिळू लागले, त्यांवर टाकी आणि पंप बसवून वॉटर टेंडर बांधले जाऊ लागले. ४,५०० लिटरची टाकी हा बराच रूढ आकार. एका होजमधून मिनिटाला ४५० लिटर पाणी जात असेल तर ते दहा मिनिटं पुरतं. दोन होज लावले तर पाच. म्हणून मोठ्या वर्दीवर जंबो टँकरची रांग लागते. बातमीत "आठ बंब, सहा जंबो टँकर" असं वाचतो, त्यातला अर्धा ताफा प्रत्यक्षात पाण्याची वाहतूक करत असतो. शिवाय ४,५०० लिटर म्हणजे साडेचार टन. ते घेऊन काळबादेवीच्या गल्लीत वळणं काय असतं ते तिथल्या यंत्रचालकाला विचारावं. त्याच काळबादेवीत २०१५ साली गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत दलाच्या प्रमुखांसह चार अधिकारी गेले.

शिड्यांची गोष्ट वेगळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी. जर्मनीतल्या उल्मच्या मागिरस कंपनीने फिरत्या बैठकीवरची शिडी रुळवली. घोड्यांनी ओढायची, मग मोटारीवरची. आज मुंबईकडे फिनलंडच्या ब्राँटो कंपनीची ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे. इमारती तिच्याही वर गेल्या आहेत, त्यामुळे उंच इमारतीत आता स्वतःचा पंप, टाकी आणि उभी पाइपलाइन ठेवावी लागते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, आणि ही यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने इमारतीच्या मालक-रहिवाशांवर टाकली आहे. पंप पुन्हा आगीच्या जागीच ठेवायचा, गाडीने फक्त जोड द्यायची, अशी ही उलटी फेरी.

जुन्या गाड्या उरतात कशा

फार उरत नाहीत, हे खरं उत्तर. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, आणि यात पालिकांच्या गाड्याही आल्या. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना सूट आहे. बंबांचं दुर्दैव असं की ते वयाने म्हातारे होतात, पण धावतात फार कमी. केंद्रात रोज धुतलेली, रोज इंजिन चालू करून बघितलेली गाडी पंधराव्या वर्षी उत्तम असू शकते. दुसरीकडे, २०२१ मध्ये आलेली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची "व्हीए" क्रमांकाची व्हिंटेज नोंदणी मुख्यतः खाजगी, बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकींसाठी आहे. म्हणजे धावता बंब जपायचा तर कागदोपत्री वाट अरुंद आहे. रस्त्यावरून उतरवून, प्रदर्शनाची वस्तू म्हणून ठेवणं त्यातल्या त्यात सोपं. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात असं संग्रहालय उभं राहिलं आहे. पोरांना रॅलीपेक्षा तिथे न्यावं, गर्दी कमी आणि सांगणारी माणसं कामातली.

सगळी गाडी ठेवायला जागा नसते, ही पालिकांची अडचण खरी आहे. भंगाराच्या लिलावात बंब किलोच्या भावाने जातो आणि पितळी भाग आधी. तेव्हा निदान तीन गोष्टी काढून ठेवाव्यात असं मला वाटतं. पंप, त्याच्या कपलिंग आणि प्रायमरसकट. बनवणाऱ्याची पत्र्याची पट्टी, जिच्यावर साल आणि क्रमांक असतो. आणि गाडीचं लॉगबुक, कारण कुठल्या वर्दीवर किती वाजता निघाली, पंप किती वेळ चालला आणि पाणी कुठून घेतलं, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.